मागून येणारी 'ठक्क': रिअर व्हील ड्राइव्ह गाडीतला प्ले घरच्या खळ्यात कसा शोधावा

क्लच सोडताना सीटखालून एक 'ठक्क'. रिव्हर्स टाकला की पुन्हा एक. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की एक, परत दिला की आणखी एक. ओम्नी, ईको, बोलेरो, सुमो, टवेरा, क्वालिस, जुनी इनोव्हा, पिकअप, म्हणजे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना अशी कुठलीही गाडी कोकणात काही पावसाळे काढते आणि हा आवाज सुरू होतो. मग माणूस गॅरेजात जाऊन आवाजाचं वर्णन करतो आणि त्या वर्णनावरूनच पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी क्रॉस, मग सेंटर बेअरिंग, मग क्राऊन-पिनियन. बिल वाढत जातं आणि आवाज होता तिथेच राहतो.

आवाजावर विसंबलं की हे होणारच. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गियरबॉक्सचा जोर मागच्या ॲक्सलकडे नेणारी पोकळ लोखंडी नळी. गियरबॉक्सकडे बसलेला ठोका ती थेट मागच्या सीटखाली नेऊन वाजवते. शिवाय गियरबॉक्सपासून चाकापर्यंत सात-आठ ठिकाणी थोडी थोडी ढिलाई, म्हणजेच प्ले, असते, तिची बेरीज होते आणि आपल्याला ऐकू येतो तो शेवटचा एकच ठोका. ढिलाई मात्र हाताला सापडते. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागतो एक मोकळा तास, मदतीला एक माणूस आणि थोडी शिस्त. आमची बोलेरो आणि शेजारपाजारच्या ओम्नी-ईको तपासताना, आणि जुन्या मिस्त्रींच्या बाजूला उकिडवं बसून पाहताना जे शिकायला मिळालं ते इथे क्रमाने देतो आहे.

एर्टिगा किंवा 2022 मध्ये आलेली इनोव्हा हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते. त्यांना मागे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांना लागू नाही.

जोर कुठून कुठे जातो

एवढं डोक्यात पक्कं बसवा: इंजिन, क्लच, गियरबॉक्स, तिथून शाफ्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे चार टोकांचा वळता सांधा, आणि त्याची टोकं धरणारा चिमटा म्हणजे योक. एका टोकाला दातेरी सरकता भाग म्हणजे स्लायडिंग योक, कारण मागचा ॲक्सल वरखाली होतो तशी शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी लागते. गाडी लांब असेल तर शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. मग मागे डिफरन्शियल, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'हाउसिंग' म्हणतात. त्यात टेलपिनियन (शाफ्टने फिरणारा छोटा गियर) क्राऊनला (मोठ्या गियरला) फिरवतो, क्राऊनच्या पोटातले स्टार गियर दोन्ही ॲक्सलना जोर वाटून देतात, आणि ॲक्सल चाकाला. हा मागचा ॲक्सल हाउसिंगसकट गाडीच्या खाली टांगलेला असतो तो पाट्यांवर (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) किंवा कॉइल स्प्रिंग आणि रॉडवर.

ओम्नी, बोलेरो, सुमो, टवेरा यांना मागे पाटे आहेत. ईको आणि इनोव्हाला कॉइल स्प्रिंग आणि रॉड. हा फरक पुढे पायरी 9 मध्ये लागेल.

काय काय हाताशी हवं

जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड. घोड्या विकत घेतलेल्या नसतील तर गॅरेजमधून एका दुपारसाठी मागून आणा, पण त्यांच्याशिवाय कामाला हात घालू नका. चाकांना लावायला लाकडी ठोकळे, जॅकखाली ठेवायला जाड फळी, चांगला टॉर्च, एक टॉमी (लोखंडी पहार), खडू किंवा पांढरा पेंट, जाड फडकं, ग्रीस गन, हाउसिंगचा प्लग उघडायचा पाना, एक पसरट भांडं.

कागदपत्रांत आरसी बुकाची झेरॉक्स, गाडीचं मॅन्युअल आणि आधीच्या कामांची बिलं. आरसी अशासाठी की एकाच नावाच्या गाडीत मॉडेलच्या वर्षानुसार क्रॉसची मापं बदलतात आणि दुकानदार चेसिस नंबर विचारतो. आपल्याकडे पार्ट बऱ्याचदा कोल्हापूर-बेळगावहून मागवावा लागतो. चुकीचा आला की परत पाठवण्यात आठवडा जातो आणि तोवर गाडी खळ्यात उघडी पडून राहते.

1. आवाज कधी येतो ते लिहून काढा

गाडीखाली जाण्याआधी एक साधी फेरी मारा. शेजारी बसलेल्या माणसाला लिहायला सांगा. जोर बदलला की एकच ठोका येतो, की चालताना सतत काहीतरी वाजतं? हा पहिला आणि सगळ्यात मोठा फरक.

एकच ठोका म्हणजे कुठेतरी प्ले आहे. हळू वेगात 'चिक-चिक-चिक' आणि वेग वाढला की तीही जलद, तर बहुधा क्रॉस कोरडा पडला आहे. निघताना गाडी थरथरते आणि थोड्या वेगाला शांत होते, तर सेंटर बेअरिंगचं रबर किंवा क्लच. ठरावीक वेगाला घुमल्यासारखा आवाज आणि तो पाय दिल्या-काढल्यावर बदलत असेल तर हाउसिंगमधले दात किंवा पिनियनचं बेअरिंग. डावीकडे-उजवीकडे वळताना बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. न्यूट्रलला गाडी घरंगळताना तसाच येत राहिला तर टायर आणि चाकाकडे बघा. ही शेवटची तपासणी सपाट रस्त्यावरच करायची, घाटात कधीही नाही.

अजून एक खूण. चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो, कारण बहुतेक गाड्यांत क्राऊन-पिनियनचं प्रमाण चारच्या आसपास असतं. ताशी 60 च्या वेगाला चाक सेकंदाला आठेक फेरे मारतं आणि शाफ्ट तीसच्या वर. म्हणून गाडी माणसाच्या चालीने सरकवा आणि मोजा. चाकाच्या एका फेऱ्यात आवाज एकदाच आला तर दोष चाक, ड्रम किंवा ॲक्सलकडे. तीन-चार वेळा आला तर शाफ्टकडे.

फेरीबोटीच्या वाटेवर ये-जा असेल तर ही परीक्षा आपोआप होते. धोपावे-दाभोळ किंवा वेश्वी-बागमांडल्याच्या जेटीचा उतार पहिल्या गियरमध्ये चढताना, क्लच अर्धा असताना, ढिली गाडी हमखास बोलते.

2. खोटे आवाज आधी बाजूला काढा

पावसाळ्यात सकाळी गाडी पहिल्यांदा हलवताना येणारी एकच 'खट्' बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. रात्रभर ओल्या हवेत ड्रमला गंज धरतो, हँडब्रेक ओढलेला असेल तर शू ड्रमला चिकटतात आणि सकाळी सुटताना वाजतात. पहिल्यांदा वाजून नंतर दिवसभर गप्प राहिलं तर हेच. पावसाळ्यात सपाट जागी गियरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावले आणि हँडब्रेक सोडून ठेवला की हा आवाज जातो.

मग जॅक, पाने, स्टेपनी बाहेर काढून फेरी मारा. सायलेन्सर हाताने हलवा (थंड असताना), तो शाफ्टला किंवा चेसिसला लागतो का पाहा. शॉकॲब्सॉर्बरची वरची-खालची बुशं बघा. चाकाचे नट पान्याने तपासा. या सगळ्याला वीस मिनिटं पुरतात.

3. गाडी उभी करताना

ही पायरी लांब लिहितो आहे, कारण इथे चूक झाली तर जीव जातो.

जागा सपाट आणि टणक हवी. शेणाने सारवलेलं खळं आणि लाल माती पावसाळ्यात वरून घट्ट दिसते, पण जॅक आत रुततो आणि तिरका होतो. जॅकखाली जाड फळी ठेवाच.

गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवू नका. कोकणात अंगणात चिरे पडलेलेच असतात आणि दोन चिरे रचून त्यांवर गाडी टेकवायची सवय पुष्कळांना आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे. भिंतीत तो सगळीकडून सारखा भार घेतो, पण चेसिसची कड एका जागी टेकली की कुठलीही सूचना न देता तुटतो. घोडीच वापरा.

आता रिअर व्हील ड्राइव्हचा खास सापळा. एक मागचं चाक उचललं की गाडी गियरमध्ये असली तरी गियर तिला धरत नाही. डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक हवेत फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक उलट्या दिशेने गाडी सरकू देतं. हँडब्रेकही मग एकाच चाकापुरता उरतो. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय मागे जॅक लावायचा नाही.

खाली माणूस असताना इंजिन बंद आणि चावी खिशात. एक चाक उचलून इंजिन चालू करून 'बघूया कुठे वाजतंय' हा प्रयोग तर करूच नका. जमिनीवरचं चाक पकडलं की गाडी घोडीवरून उडी मारते. लुंगी, मोठा टॉवेल, गळ्यातलं काही असेल तर काढून ठेवा.

एक सोपा मार्ग सुचवतो. गाड्या धुण्याच्या सेंटरवर रॅम्प असतो. दुपारी गर्दी नसताना सांगितलं तर गाडी धुवून झाल्यावर थोडा वेळ रॅम्पवर ठेवू देतात. ओम्नी-ईकोसारख्या बुटक्या गाडीला तिथे फार बरं पडतं, आणि खालची चिखलाची पुटं गेल्यामुळे गंज आणि तेलाच्या खुणा स्पष्ट दिसतात.

4. हाताने शाफ्ट फिरवा

सगळ्या लेखातली ही मुख्य पायरी. दोन वेळा करायची, दोन वेगळ्या तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा: चाकं जमिनीवर, ठोकळे लावलेले, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गियर न्यूट्रल. शाफ्ट दोन्ही हातांनी धरा आणि घड्याळाच्या दिशेने-उलट असा पिळा. मागची चाकं धरलेली असल्यामुळे शाफ्ट थोडाच फिरेल आणि अडेल. जेवढा फिरतो ती मागच्या बाजूची सगळी ढिलाई. आता मदतनिसाला शाफ्ट हलवत ठेवायला सांगा आणि तुम्ही मागच्या क्रॉसवर डोळा ठेवा. शाफ्टवर आणि हाउसिंगच्या तोंडाशी असलेल्या फ्लँजवर (शाफ्टला बोल्टांनी जोडलेल्या चकतीवर) मिळून खडूची एक सरळ रेघ आधीच मारून ठेवा. शाफ्ट हलतो तेव्हा रेघ तुटली, म्हणजे शाफ्टवरचा अर्धा भाग सरकला आणि फ्लँजवरचा जागीच राहिला, तर प्ले क्रॉसमध्ये. रेघ अखंड राहून फ्लँजही शाफ्टबरोबर हलला तर प्ले हाउसिंगच्या आत किंवा ॲक्सलकडे.

दुसरी तऱ्हा: एक मागचं चाक उचलून घोडीवर, हँडब्रेक सोडलेला, गियर पहिला, इंजिन बंद. मदतनीस उचललेलं चाक हाताने पुढे-मागे झुलवेल. तुम्ही बाजूने, टॉर्च घेऊन, मागून पुढे एकेक जोड बघत जा. मागचा क्रॉस, सेंटर बेअरिंग, पुढचा क्रॉस, गियरबॉक्सची शेपटी. हालचाल एका जोडात शिरते पण पलीकडे पोचत नाही, अशी जागा शोधायची. डोळ्यांपेक्षा अंगठा जास्त सांगतो. अंगठ्याचं नख क्रॉसच्या कपाच्या (टोकावरच्या टोपीच्या) कडेवर आणि योकवर एकाच वेळी टेकवा. कप आणि योक एकत्र हलले तर नखाला काही कळत नाही. प्ले असेल तर नखाखाली बारीकशी 'टिक' लागते, आवाज कानाला ऐकू येण्याच्या आधी.

मालवणी बोलणारे एक म्हातारे मिस्त्री शिकाऊ पोरांना हेच बजावायचे: "पयलो हात लाव, मगे पानो."

किती प्ले चालतो? क्रॉसमध्ये अजिबात नाही. हाउसिंगमध्ये थोडा हवाच. क्राऊन आणि पिनियनच्या दातांत जागा ठेवलेली असते, साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर, नाहीतर दात तापून एकमेकांना खातील. त्यात स्टार गियर आणि ॲक्सलच्या दातऱ्यांची ढिलाई मिळते. म्हणून नव्या गाडीचा शाफ्टही हाताने थोडा हलतोच. तो हलताना पाहून घाबरून क्राऊन-पिनियन बदलायला सांगू नका. शक्य असेल तर तशीच, कमी चाललेली एखादी गाडी शोधून तिचा शाफ्ट पिळून बघा. तुलनेसारखी खात्री दुसऱ्या कशाने होत नाही.

आणि उचललेल्या चाकावर प्ले मोजू नका. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे डिफरन्शियल हवेतल्या चाकाला दुप्पट फिरू देतं, आणि आकडा पाहून उगाच धडकी भरते.

5. क्रॉस

क्रॉसच्या चारही टोकांना कप असतात आणि कपात बारीक सुया. ग्रीस संपलं की पाणी शिरतं, सुया गंजतात आणि टोकाला खाचा पाडतात. कपाच्या सीलभोवती कोरडी लालसर-तपकिरी पूड दिसली तर क्रॉस गेला असं समजा. इथे एक फसगत होते. आपल्याकडची लाल माती आणि गंजाची पूड दिसायला सारखीच. म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा, दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. कपाच्या कडेलाच नव्याने पूड उमटली तर तो गंज.

मासळीची ने-आण करणाऱ्या गाड्यांत हे फार लवकर होतं. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरातून निघालेल्या पिकअपच्या फळीतून बर्फाचं खारं पाणी सरळ शाफ्ट आणि हाउसिंगवर ठिबकत असतं. किनाऱ्यावर वाळूत उतरणाऱ्या गाड्यांचंही तेच. अशी फेरी झाली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. ग्रीस निपल असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर ग्रीस मारा, आणि चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. एका कपातून येत नसेल तर तिथला मार्ग बंद आहे आणि तोच कप उद्या खडखडणार आहे.

क्रॉस बदलताना शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर आणि दोन तुकड्यांच्या जोडावर पंचने किंवा पेंटने खुणा करा. पुन्हा बसवताना खुणा जुळल्याच पाहिजेत. शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत नसतील तर ठोका जाईल पण थरथर सुरू होईल, आणि नवा क्रॉस लावून गाडी आणखी बिघडली असं वाटेल. शाफ्टच्या नळीवर हातोडा नको, ती चेपली की बॅलन्स गेला. फ्लँजला हार्डवेअरच्या दुकानातले साधे नट-बोल्ट लावू नका. आणि शाफ्ट निघाला की गाडीला गियरचा आधार उरत नाही, हे उतारावर उभी असताना विशेष लक्षात ठेवा.

6. स्लायडिंग योक आणि सेंटर बेअरिंग

सिग्नलला थांबून पुन्हा निघताना, किंवा थांबल्यानंतर क्षणभराने एक ठोका येतो आणि क्रॉस ठीक आहेत, तर सरकत्या दातऱ्या कोरड्या आहेत का पाहा. ब्रेक मारल्यावर ॲक्सल वळतो, शाफ्ट थोडा सरकायला पाहतो, कोरडेपणामुळे अडतो आणि मग एकदम सुटतो. ग्रीस मारल्यावर हा आवाज गेला आणि थोड्या दिवसांनी परत आला तर दातऱ्या झिजल्या आहेत. योक वरखाली हलवून पाहा. तसा लटलटत असेल तर ग्रीसने काम भागणार नाही.

सेंटर बेअरिंगचं रबर टॉमीने हलकेच उचकून बघा. चिरलं असेल तर कड उघडते. पावसाळ्यापूर्वी गाडीला खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे आहे. पत्रा वाचतो हे खरं, पण ते ऑइल सेंटर बेअरिंगच्या रबरावर, बुशांवर आणि इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगवर बसलं की रबर फुगून मऊ होतं. ब्रेकच्या ड्रमकडे गेलं तर त्याहून वाईट. मारायचंच असेल तर रबर आणि ड्रम झाकून मारून घ्या.

7. टेलपिनियन आणि हाउसिंग

फ्लँज दोन्ही हातांनी धरून वरखाली आणि आत-बाहेर ढकला. फिरताना थोडा प्ले चालतो, पण वरखाली किंवा आत-बाहेर हालचाल अजिबात चालत नाही. हलला तर पिनियनची बेअरिंगं गेली किंवा नट सैल झाला.

इथे सगळ्यात महाग सापळा आहे. सैल पिनियनचा नट कुणी लांब पाइप लावून आवळून देतो आणि 'झालं काम' म्हणतो. बऱ्याच गाड्यांत त्या नटाच्या ताणाने एक नळी मोजून चेपलेली असते आणि बेअरिंगवरचा दाब तिच्यावर ठरतो. अंदाजाने आवळलं की दाब जास्त होतो आणि बेअरिंग तापून जातं. हे काम ताण मोजून करणाऱ्याकडेच द्या.

मग ऑइल. आधी भरायचा वरचा प्लग उघडून बघा, मगच खालचा. वरचा गंजून घट्ट बसलेला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलं तर पुन्हा भरणार कुठून? खाऱ्या हवेत ही अडचण नेहमीची आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज. चकचकीत खपल्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवा.

ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे. हाउसिंगला श्वास घ्यायला वर एक छोटा ब्रीदर असतो. तापलेलं हाउसिंग अचानक पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. जुनी गाडी घेत असाल आणि ती त्या भागातली असेल तर इंजिनाइतकंच हाउसिंगचं ऑइल बघून घ्या, कारण इंजिनाचं ऑइल सगळे बदलतात, हाउसिंगचं पुष्कळदा राहून जातं. ओढ्यातून किंवा बुडालेल्या साकवावरून गाडी नेली असेल तरी हेच. ब्रीदर चिखलाने बुजला नाही ना तेही पाहा.

ऑइल मॅन्युअलमध्ये असेल तेच. बहुतेक अशा गाड्यांच्या हाउसिंगला जीएल-5 दर्जाचं, 80डब्ल्यू-90 सारखं लागतं. तेच गियरबॉक्समध्ये ओतायचं नाही. गियरबॉक्सचा दर्जा वेगळा असू शकतो आणि चुकीच्या ऑइलमुळे आतल्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात.

8. चाक आणि ॲक्सल

चाक घोडीवर असतानाच वर-खाली धरून हलवा. लटलटलं तर ॲक्सलचं बेअरिंग. टायरच्या आतल्या बाजूला किंवा ड्रमखाली ऑइलचा ओघळ असेल तर सील गेलं आहे, आणि ते ऑइल ब्रेक शूवर जातं. हे काम पुढे ढकलू नका.

9. पाटे, यू-बोल्ट, रॉड

क्रॉस ठीक, हाउसिंग ठीक, तरी 'ठक्क' आहेच, अशा गाड्यांत दोष बहुतेक इथे निघतो. गाडीने जोर घेतला की ॲक्सल स्वतःभोवती वळायला पाहतो. त्याला धरून ठेवतात पाटे आणि ॲक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल असेल किंवा सेंटर बोल्ट तुटला असेल तर सगळा ॲक्सलच किंचित सरकतो आणि ठोका बसतो. तो हुबेहूब डिफरन्शियलसारखा ऐकू येतो, त्यामुळे चांगलं हाउसिंग खोललं जातं.

ओळखायचं असं. यू-बोल्टच्या प्लेटभोवती गंजाची ताजी, चकाकती घासलेली रेघ आहे का पाहा. दोन्ही मागच्या चाकांचं पुढच्या चाकांपासूनचं अंतर टेपने मोजा. दोन्ही बाजूंत स्पष्ट फरक आला तर एक बाजू सरकली आहे. शॅकलची (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीची) बुशं टॉमीने हलवा. पाट्यांच्या मधली जागा चाचपून तुटलेला पाटा शोधा. चिपळूणहून कुंभार्ली किंवा सावंतवाडीहून आंबोली भरलेल्या गाडीने नेहमी चढणाऱ्यांनी हे दर मोसमात बघावं.

ईको-इनोव्हात रॉडच्या दोन्ही टोकांची रबरी बुशं आणि ॲक्सल आडवा धरणारा रॉड बघा. मदतनिसाने गाडी हलवली की फाटलेल्या बुशात बोल्ट सरकताना दिसतो.

10. माउंटिंग आणि क्लच

पुढून बघायचं. बॉनेट किंवा ओम्नीत सीट उघडा, हँडब्रेक ओढा, ठोकळे लावा, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नका. चालकाने पहिला गियर टाकून क्लच गाडी सरकणार नाही इतपतच सोडावा, मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन दोन्ही वेळा थोडं हलेल. एकदम उसळून टेकत असेल तर माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलं आहे. गियरबॉक्सच्या शेपटीखालचं माउंटिंग विसरू नका.

हे सगळं चोख निघालं तर उरतात गियरबॉक्स आणि क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा. त्यांच्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून त्यांचा नंबर शेवटी.

11. गॅरेजात काय सांगायचं

'मागून आवाज येतो' असं सांगू नका. 'मागच्या क्रॉसच्या उजव्या कपात प्ले आहे, फ्लँज घट्ट आहे, ऑइल स्वच्छ आहे' असं सांगा, आणि खडूची रेघ तुटतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा. एका वेळी एकच दुरुस्ती करून घ्या आणि मध्ये फेरी मारा. नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. काढलेला पार्ट परत मागून घ्या. पुढच्या वेळी माप दाखवायलाही तो उपयोगी पडतो. कुणी न तपासता थेट क्राऊन-पिनियन सुचवला तर आधी पायरी 4 त्यांच्यासमोर करा. क्रॉस काही शे रुपयांत येतो, क्राऊन-पिनियन कित्येक हजारांत.

क्रॉसचा प्ले डोळ्यांना दिसत असेल तर गाडी घेऊन घाटात जाऊ नका. शाफ्ट तुटला की इंजिनाचा ब्रेक त्याच क्षणी जातो आणि उतारावर गाडी फक्त पायाच्या ब्रेकवर राहते. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर त्याहून भयंकर. गाडी ओढून न्यायची असेल तर मागची चाकं उचलून न्या, किंवा शाफ्ट काढून टाका.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांनिशी फेरी मारा आणि पहिल्या पायरीतल्या यादीशी ताडून बघा. यू-बोल्ट किंवा पाटे सोडले असतील तर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा आवळून घ्या. शाफ्टच्या फ्लँजचे बोल्टही त्याच वेळी पाना लावून बघायचे, आणि प्रत्येक नटावर पेंटचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे सैल झाला तर वाकून बघितल्याबरोबर कळतं.